मागे, पुढे, सोडा : घरातल्या हॉलमधलं बोलिंग

माझे सासरे अण्णा शहात्तर वर्षांचे आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी रिमोट हातात घेतला, टीव्हीवर रोखला आणि एकामागून एक बटणं दाबायला सुरुवात केली. उभ्या आयुष्यात त्यांनी कधी व्हिडिओ गेम खेळला नव्हता. रिमोट म्हणजे बातम्या लावायचं यंत्र, एवढीच त्यांची त्याच्याशी ओळख. मी म्हणाले, "अण्णा, बटणं विसरा. हात झोपाळ्यासारखा मागे न्या, पुढे आणा आणि पायाशी आला की बोट उचला." पहिले दोन बॉल गटरमध्ये गेले. तिसऱ्याला आठ पिना पडल्या. त्यांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, आणि म्हणाले, "हे मी पाडलं?"

तो गेम होता 'वी स्पोर्ट्स'मधलं बोलिंग. निन्टेंडो या जपानी कंपनीने २००६ च्या नोव्हेंबरात 'वी' हा कन्सोल अमेरिकेत आणला, तेव्हा त्याच्या खोक्यातच या गेमची तबकडी घातली होती. तबकडीवर टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग असे पाच खेळ आहेत. तिच्या ८ कोटी २९ लाख प्रती जगभर गेल्या. आता हा कन्सोल बनत नाही, त्यामुळे जुना बाजार, नाहीतर कुणाच्या तरी माळ्यावरचं खोकं, इथूनच तो मिळवावा लागतो. घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं दोन्ही असतील तर तेवढी खटपट जरूर करा. दोघांना एकाच पट्टीवर आणणारे खेळ फार थोडे असतात, आणि हा त्यातला एक आहे.

त्याचं कारण समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. टीव्हीवरचं बोलिंग काही 'वी'ने शोधलं नाही. १९७९ मध्ये अटारीच्या कन्सोलसाठी लॅरी कॅप्लन यांनी 'बोलिंग' लिहिला होता. त्यात जॉयस्टिक वरखाली करून जागा धरायची आणि बटण दाबून बॉल सोडायचा. म्हणजे आधी जॉयस्टिकची भाषा शिका, मग बोलिंग. 'वी'च्या रिमोटमध्ये हालचालीच्या वेगातला बदल ओळखणारी चिप आहे. हात किती जोरात फिरला आणि मनगट किती वळलं हे तिला कळतं. त्यामुळे ज्याला नुसता हात हलवता येतो, त्याला हा खेळ येतो. आपलं काम एवढंच, की तारा, बटणं आणि मेनू यांच्यातच आजी-आजोबा दमून जाणार नाहीत अशी मांडणी आधी करून ठेवायची.

घेताना काय पाहाल

कन्सोल, वीजपुरवठ्याचा ॲडॉप्टर, टीव्हीची केबल, सेन्सर बार, किमान एक रिमोट आणि 'वी स्पोर्ट्स'ची तबकडी, या सहा वस्तू हव्यातच. रिमोटला जोडायचं नंचक बोलिंगला लागत नाही, ते नसल्याचं वाईट वाटून घेऊ नका.

विकणाऱ्याच्या घरीच दहा फ्रेमचा एक पूर्ण डाव खेळून पाहा. कन्सोल नुसता सुरू झाला, मेनू दिसला, यावर समाधान मानू नका, कारण जुन्या कन्सोलची खरी दुखणी तबकडी वाचताना कळतात. रिमोटचं मागचं झाकण उघडा. पेन्सिल सेल गळून स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर बसला असेल तर दुसरा रिमोट मागा. ए आणि बी ही दोन बटणं आणि बाणांची चकती नीट दाबून पाहा, बोलिंगचा सगळा संसार त्यांच्यावर चालतो.

सेन्सर बार तपासायची युक्ती सोपी आहे. कन्सोल चालू करून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून त्या पट्टीकडे पाहा. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बऱ्याच मोबाइल कॅमेऱ्यांना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात काही दिसलं नाही तर सेल्फीचा कॅमेरा वापरा. पट्टीच्या दोन्ही टोकांना जांभळट ठिपके दिसले की ती जिवंत आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अमेरिकेतून कुणी कन्सोल आणला असेल तर त्याचा ॲडॉप्टर १२० व्होल्टचा असतो, आणि आपल्या भिंतीत असतात २३० व्होल्ट. माझ्या भावाने आणलेला ॲडॉप्टर मी न वाचता प्लगमध्ये घातला आणि मिनिटाभरात जळका वास आला. कन्सोल वाचला, ॲडॉप्टर गेला. म्हणून ॲडॉप्टरच्या पाठीवरची बारीक अक्षरं आधी वाचा. २३० व्होल्टवर चालणारा आणि १२ व्होल्ट, ३.७ ॲम्पिअर देणारा 'वी'चाच ॲडॉप्टर मिळवा, नाहीतर व्होल्टेज उतरवणारा चांगला कन्व्हर्टर लावा.

तबकडी आणि कन्सोल एकाच प्रदेशाचे हवेत, हेही लक्षात ठेवा. अमेरिकी कन्सोल युरोपची तबकडी वाचत नाही, युरोपचा अमेरिकेची वाचत नाही. जपानी कन्सोलसोबत ही तबकडी फुकट मिळत नव्हती, ती वेगळी विकत घ्यावी लागे. सुटी तबकडी घेणार असाल तर आधी कन्सोल कुठला आहे ते विचारा. तबकडीवर डाग असतील तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल घासू नका.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे आणखी सोपं आहे. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील डिसेंबर-जानेवारीत घरात अडकून पडतात. बाहेर बर्फ, मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत. तिथल्या गॅरेज सेलमध्ये हा कन्सोल शोधण्यासारखा आहे, आणि व्होल्टेजची भानगड तिथे नाही.

जोडणी आणि जागा

'वी'ला एचडीएमआयची सोय नाही. त्याच्यासोबत पिवळी, पांढरी आणि लाल अशी तीन टोकांची केबल येते. तुमच्या टीव्हीला ती भोकं नसतील तर कन्सोलच्या मागे लावायचा छोटा एचडीएमआय कन्व्हर्टर घ्या. सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन १६:९ करायला विसरू नका, नाहीतर सगळी माणसं आडवी पसरलेली दिसतात. मोठ्या टीव्हीवर चित्र थोडं धूसर दिसेल, पण पिना मोजायला अडचण येत नाही. टीव्हीत गेम मोड असेल तर तो लावा.

सेन्सर बार टीव्हीच्या वर किंवा खाली, बरोबर मध्यावर ठेवा आणि वर आहे की खाली ते सेटिंगमध्ये सांगा. नाव सेन्सर असलं तरी ती पट्टी काहीच ओळखत नाही, तिच्यात फक्त अवरक्त दिवे आहेत. कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी आहे, आणि तो त्या दिव्यांवरून टीव्ही कुठे आहे ते ताडतो. त्यामुळे खिडकीतलं कडक ऊन टीव्हीच्या मागून येत असेल तर पडदा ओढून घ्या. आमच्याकडे दिवाळीत टीव्हीखालच्या कपाटावर पणत्या लावल्या होत्या. पडद्यावरचा हात भरकटायला लागला, कारण रिमोट पणत्यांनाच सेन्सर बार समजत होता. पणत्या गॅलरीत नेल्या आणि हात ताळ्यावर आला. हा गोंधळ फक्त मेनूमध्ये होतो, प्रत्यक्ष बॉल टाकताना कॅमेऱ्याचा संबंध येत नाही.

रिमोट कन्सोलला ओळखत नसेल तर कन्सोलच्या पुढच्या छोट्या झाकणाआड एक लाल बटण आहे आणि रिमोटच्या सेलजवळ दुसरं. दोन्ही एकापाठोपाठ दाबा आणि निळे दिवे लुकलुकायचे थांबेपर्यंत थांबा.

टीव्हीपासून सहा-सात फूट अंतर ठेवा. टीपॉय बाजूला सरकवा, सतरंजीची दुमडलेली कड सरळ करा. रिमोटची दोरी प्रत्येकाने मनगटात घालायची, हा घरचा नियम करा. कन्सोल बाजारात आल्यावर पहिल्याच महिन्यात हातातून सुटलेल्या रिमोटांमुळे दोऱ्या तुटायला लागल्या, तेव्हा डिसेंबर २००६ मध्ये निन्टेंडोने सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवली आणि पुढे रिमोटला रबरी आवरणही दिलं. आवरण मिळालं तर जरूर घ्या, म्हाताऱ्या हातांना पकड चांगली मिळते.

आधी माणसं तयार करा

खेळायच्या आधी प्रत्येकाची एक बाहुली बनवायची असते. निन्टेंडोने या बाहुल्यांचं नाव ठेवलंय 'मी', आणि मराठी माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ही पायरी घाईत उरकू नका, एक अख्खी संध्याकाळ तिला द्या. अण्णांचं टक्कल, चष्मा आणि मिशी पाच मिनिटांत जमली. सासूबाईंच्या बाहुलीला टिकली कुठून आणायची, असा प्रश्न पडला. तिथे गालावर तीळ द्यायची सोय आहे, आणि तो तीळ मोठा करता येतो, हवा तिथे सरकवताही येतो. माझ्या मुलीने तो कपाळाच्या मध्यावर नेऊन ठेवला. काळीच, पण टिकली झाली. सासूबाई तोवर नुसत्या बघ्या होत्या. त्या दिवसापासून "माझी पाळी कधी?" असं विचारायला लागल्या.

बोलिंगला चार जणांसाठी चार रिमोट लागत नाहीत. एकच रिमोट हातोहात फिरवून चौघं खेळू शकतात. डावखुऱ्यांनी सुरुवातीलाच डावा हात निवडावा.

बॉल कसा टाकायचा

रिमोट छातीशी उभा धरा. तर्जनीने मागचं बी बटण दाबून ठेवा. हात खाली सोडा, मागे न्या, पुढे आणा आणि हात पायाजवळून पुढे निघाला की बी सोडा. बस. पडद्यावरची बाहुली आपोआप चालत जाते, आपण एक पाऊलही टाकायचं नाही.

शिकवताना तोंडाने ताल द्या : मागे, पुढे, सोडा. बटण लवकर सुटलं तर बॉल मागे पडतो आणि मागे उभ्या असलेल्या बाहुल्या दचकून उडतात. फार उशिरा सुटलं तर बॉल हवेत जाऊन आपटतो. या दोन्ही चुका पहिल्या डावात होणारच, त्या हाताला वेळ शिकवतात. जोर लावायची गरज नाही, झोपाळ्याच्या संथ गतीनेही स्ट्राइक पडते.

बॉल सारखा एकाच बाजूला वळत असेल तर दोष मनगटाचा. उजव्या हाताचं मनगट सोडताना आतल्या बाजूला फिरतं आणि बॉल डावीकडे जातो. पहिले काही दिवस एकच लक्ष ठेवा : ए बटणाचं तोंड शेवटपर्यंत छताकडे. बॉल सरळ जायला लागला की मुद्दाम वळवायचं शिका.

नेम कुठे धरायचा

बॉल टाकण्याआधी बाणांच्या चकतीने बाहुली डावी-उजवी सरकते. ए दाबलं की सरकण्याऐवजी दिशा बदलते, पुन्हा दाबलं की परत सरकणं. नेम दाखवणारी रेघ लेनवर दिसत राहते.

नवा माणूस मध्यावर उभा राहून सरळ पहिल्या पिनेवर नेम धरतो. बॉल तिच्या बरोबर नाकावर बसला की बऱ्याचदा मधल्या पिना पडतात आणि दोन्ही कडांना एकेक उभी राहते. यालाच स्प्लिट म्हणतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याने पहिली पिन आणि तिच्या उजव्या खांद्यामागची पिन यांच्या फटीवर नेम धरावा. त्यासाठी बाहुली थोडी उजवीकडे न्या आणि दिशा किंचित डावीकडे करा. डावखुऱ्यांनी याचं उलट. किती वेळा बाण दाबला ते मोजा आणि लक्षात ठेवा. स्ट्राइक पडली की पुढच्या वेळी जागा, दिशा आणि हाताचा वेग तोच ठेवा. या खेळात प्रगती होते ती तीच गोष्ट तशीच पुन्हा करण्याने.

एकच पिन कोपऱ्यात उरली तर तिच्या समोर उभे राहू नका. पिन उजव्या कोपऱ्यात असेल तर डावीकडे जा आणि लेनवर तिरपा बॉल टाका. समोरून टाकला तर बॉल सगळी वाट गटरच्या काठाने जातो आणि किंचित चुकला तरी पडतो. स्प्लिट झाली तर दोन्ही पिनांचा मोह सोडा, एक नक्की पाडा.

गुण कसे मोजायचे

मोजणी गेम करतोच, पण ती समजली की खेळ रंगतो. डावात दहा फ्रेम, प्रत्येकीत दोन बॉल. पहिल्याच बॉलवर दहाही पडल्या तर स्ट्राइक : दहा अधिक पुढच्या दोन बॉलचे गुण. दोन बॉल मिळून दहा पडल्या तर स्पेअर : दहा अधिक पुढच्या एका बॉलचे.

समजा पहिल्या फ्रेममध्ये स्ट्राइक पडली आणि दुसरीत सात व दोन. पहिल्या फ्रेमचे १० + ७ + २ म्हणजे १९, दुसरीचे ९, एकूण २८. पडद्यावर पहिल्या फ्रेमचा आकडा उशिरा उमटतो तो यामुळेच. आजोबांना तो "गेला कुठे?" असं वाटतं, म्हणून आधीच सांगून ठेवा. दहाव्या फ्रेममध्ये स्ट्राइक किंवा स्पेअर मिळाली तर तिसरा बॉल मिळतो. सलग बारा स्ट्राइक म्हणजे ३०० गुण, याहून जास्त होत नाहीत.

आमच्या सासूबाई चाळीस वर्षं घरखर्चाची वही लिहीत आल्या आहेत. दुसऱ्या दिवसापासून त्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सगळ्यांचे गुण लिहायला लागल्या, आणि स्पेअरची बेरीज पडद्याच्या आधी सांगायला लागल्या. घरातल्या बुजऱ्या माणसाला खेळात ओढायचं असेल तर त्याच्या हाती मोजणी द्या.

सराव

मेनूत सरावाचे वेगळे डाव आहेत, त्यातले तीन बोलिंगचे. पहिला उरलेल्या पिना पाडायचा, तो रोज पाच मिनिटं खेळलात तर गुण सर्वांत लवकर वाढतात. दुसरा बॉल वळवून अडथळ्यांमधून काढायचा. तिसरा मुलांचा लाडका : दहा बॉल, आणि दर बॉलला पिनांची एक रांग वाढते. १० पासून सुरू होऊन शेवटी ९१ पिना समोर उभ्या राहतात. तिथे एक गुपित आहे. बॉल लेनच्या कडेच्या कठड्यावर चढवून शेवटपर्यंत नेता आला तर ९१ च्या ९१ पिना एकदम कोसळतात. हे मुलांना स्वतः शोधू द्या, तुम्ही सांगू नका.

नेहमीचे डाव खेळत गेलात की कौशल्याचे गुण साठतात. ते हजारापुढे गेले की नावापुढे 'प्रो' लागतं. अण्णांना तिथे पोचायला अडीच महिने लागले.

म्हाताऱ्यांची काळजी

हा खेळ बसूनही खेळता येतो. गुडघे दुखत असतील किंवा तोल जात असेल तर बिनहाताची भक्कम खुर्ची द्या आणि हात बाजूने मोकळा फिरू द्या. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या निवासांमध्ये या बोलिंगचे संघ आणि स्पर्धा उभ्या राहिल्या त्या याच सोयीमुळे. विस्कॉन्सिनमधल्या ८५ वर्षांच्या एका गृहस्थांचा विक्रम २०१० मध्ये गिनेसने नोंदवला. त्यांनी तोवर अडीच हजारांहून जास्त वेळा ३०० गुण केले होते.

पण रिमोट हलका आहे म्हणून हाताला श्रम नाहीत असं समजू नका. २००७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका तरुण डॉक्टरचं पत्र छापून आलं होतं. याच तबकडीवरचं टेनिस तासन्‌तास खेळून त्याचा खांदा दुखावला होता. म्हाताऱ्यांना दिवसाला दोन डाव पुरेत. आधी खांदे सावकाश गोल फिरवून घ्यायचे. खांदा आखडलेला असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रिमोट द्यायचा नाही.

पहिली संध्याकाळ

सगळी जोडणी आदल्या रात्री करून ठेवा. सेल नवे घाला. पाहुणे जमल्यावर केबल शोधू नका. बाहुल्या तयार असू द्या, मेनू तुम्हीच पार करा आणि बॉल हातात आलेल्या जागी खेळ आणून थांबवा. मुलांना आधीच बजावा की पहिला डाव त्यांचा नाही. मग रिमोट घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात द्या, दोरी त्यांच्या मनगटात स्वतः घाला आणि शेजारी उभे राहून हळू आवाजात ताल द्या. मागे, पुढे, सोडा.

गेल्या रविवारी शेजारचे काका पहिल्यांदा आले होते. त्यांनी रिमोट टीव्हीवर रोखला आणि बटणं दाबायला सुरुवात केली. मी उठणार तेवढ्यात अण्णा उठले आणि त्यांच्या मनगटात दोरी घालायला लागले.